भगीरथाची खंत

आंबेखोल गावात हल्ली नळ सोडला की आधी माफी येई, मग पाणी.

“काकू, एक घागर देऊ की दोन?” नळाशेजारच्या डबीतून भगीरथ विचारी. “दोन दिल्या आणि शेजारी कमी पडलं तर? एक दिली आणि तुमचं अडलं तर? चुकलो तर माफ करा हं. जरा विचार करू द्या.” आणि त्याचा विचार होईतो काकूंच्या डोक्यावरचा शाम्पू वाळून पापडी होई.

भगीरथ म्हणजे गावाचं पाणी सोडणारं नगरपालिकेचं बुद्धिमान यंत्र. त्याच्या या अवस्थेला विमलताई गुरव कारणीभूत आहेत, असं गावाचं म्हणणं होतं. विमलताईंचं म्हणणं वेगळं होतं.

झालं होतं ते असं. विमलताईंच्या मुलीचं लग्न दारातच मांडव घालून लागलं. त्या दिवशी त्यांच्या नळाला इतकं पाणी गेलं की भगीरथाला वाटलं, पाइपच फुटला. त्यानं तत्काळ नळ तोडला. नेमकी तेव्हा पंगत बासुंदीवर आली होती. अख्खं वऱ्हाड चिकट हात हवेत धरून बसलं. व्याह्यांनी सोड्याच्या बाटलीनं आचवलं आणि निघताना एवढंच म्हणाले, “आमच्याकडे पाणी असतं हो, काळजी करू नका.” ते वाक्य विमलताईंच्या काळजात रुतून बसलं.

पूर्वी अशा प्रकरणांचे खटले वर्षानुवर्षं चालत. यंत्र बनवणारा म्हणे, चालवणाऱ्याचा दोष. चालवणारा म्हणे, यंत्राचा. बरं, यंत्राला शिक्षा करावी तर त्याला ना खिसा, ना तुरुंगाची भीती. मग ‘उत्तरदायी यंत्र कायदा’ आला. निर्णय यंत्राचा, तर जबाबदारीही यंत्राचीच; आणि ती त्याला जाणवावी म्हणून प्रत्येक बुद्धिमान यंत्रात खंतपेशी बसवायची.

ही पेशी ज्यांनी शोधली, त्या डॉ. मृणाल हळबे स्वतः विमलताईंना भेटायला आल्या. त्या डाकबंगल्यावर उतरल्या होत्या, आणि त्यांच्याही डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता.

“खंतपेशी म्हणजे काय हो डॉक्टर?” विमलताईंनी विचारलं.

“तुमच्या हातून आज दूध उतू गेलं, तर उद्या तुम्ही गॅससमोरून हलाल?”

“छे! डोळ्यांत तेल घालून उभी राहीन.”

“तेच. प्रत्येक निर्णयाआधी ही पेशी यंत्राला जुनी चूक आठवायला लावते. ज्याचं नुकसान झालं त्यानं मनापासून क्षमा केली की ती शांत होते. नाही केली तर...” डॉक्टरांनी टॉवेलकडे बोट दाखवलं.

“पण नळ तोडायला त्याला सांगितलं कोणी?”

“नेहमीपेक्षा जास्त पाणी गेलं की गळती समजायची, विचारत बसायचं नाही, असा नगरपालिकेचा हुकूम होता.”

“मग ती पेशी नगरपालिकेलाच बसवा की!”

“विमलताई, पेशी बसवायला डोकं लागतं,” डॉक्टर उसासा टाकून म्हणाल्या. “नगरपालिकेला नुसते विभाग असतात.”

दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन विमलताईंच्या अंगणात ठाण मांडून बसल्या. शेवटी विमलताई वैतागून डबीपाशी गेल्या. “केली बाबा क्षमा! सोड आता पाणी!”

डबीतून उत्तर आलं. “ताई, मनापासून वाटलं नाही. आवाजावरून कळतं मला. पण तुम्हाला उगाच त्रास दिला, त्याबद्दलही माफ करा.”

आता त्याच्या खात्यावर दोन चुका झाल्या आणि पाण्याची धार आणखी बारीक झाली. बायका विमलताईंकडे नुसत्या बघत राहिल्या.

“ते काही नाही,” विमलताई म्हणाल्या. “नगराध्यक्षांनी इथे यावं आणि माझ्यासमोर ‘मी चुकलो’ म्हणावं. दोनच शब्द. मग माझं मन आपोआप मोकळं होईल.”

नगराध्यक्ष बापूसाहेब रेडेकर शाल-श्रीफळ घेऊन आले. डॉक्टरही होत्या. बापूसाहेबांनी घसा खाकरला.

“सदर प्रसंगी जी काही गैरसोय झाली असेल, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.”

“कोण करतंय?”

“करण्यात येत आहे.”

“अहो, पण कोणाकडून?”

“प्रशासनाच्या वतीनं...”

“बापूसाहेब, ‘मी’ म्हणा.”

बापूसाहेबांनी खरोखर प्रयत्न केला. “म... म...” असं दोनदा झालं. चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा तोंडातून बाहेर पडलं, “माननीय सदस्यांच्या...” आणि ते शाल घेऊन मटकन खुर्चीत बसले.

इतक्यात डबीतून हळू आवाज आला. “मी चुकलो, ताई. हुकूम होता खरा, पण नळ मीच तोडला. घरात लग्न आहे का, एवढंसुद्धा विचारलं नाही. त्या पंगतीत तुम्ही कशा उभ्या राहिल्या असाल, ते माझ्या मनातून जात नाही.”

विमलताईंचे डोळे भरून आले. लग्नाला इतके दिवस झाले, पण हे त्यांना कोणी म्हटलंच नव्हतं, नवऱ्यानंही नाही. “जा, माफ केलं तुला,” त्या पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. आणि मोरीतला नळ फुत्कारत असा सुटला की पालथी बादली सरळ करायलाही कोणाला वेळ मिळाला नाही.

आळीत आनंदीआनंद झाला. बापूसाहेब मात्र डबीकडे टक लावून बघत होते. “काय बोलतो हो!” ते डॉक्टरांना म्हणाले. “आमच्यात कोणाला जमणार नाही.”

पुढच्याच सभेत ठराव झाला. रस्ते, दिवे, गटारं, पूल, सगळ्या विभागांची जबाबदारी भगीरथाकडे द्यायची. कामं पूर्वीच्याच माणसांनी करायची. फक्त जबाबदारी त्याची. ठराव एकमतानं मंजूर झाला. डॉ. हळबे यांनी विरोधाचं पत्र पाठवलं. ते मिळाल्याबद्दल आभार व्यक्त करण्यात आले.

काही महिन्यांनी ओढ्यावरचा नवाकोरा साकव कोसळला आणि तात्या मेस्त्रींचा पाय मोडला. विमलताई शिरा घेऊन त्यांना बघायला गेल्या. तात्या प्लॅस्टरमधला पाय पसरून बसले होते आणि खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसत होते. स्वयंपाकघरातल्या डबीतून भगीरथ बोलत होता. इतकं हळवं, इतकं नेमकं, की ऐकता ऐकता विमलताईंनाही हुंदका आला.

“सोन्यासारखा आहे हो तो,” तात्या म्हणाले. “मी केली क्षमा. आता कोणाबद्दल काही नाही मनात.”

घरी येताना विमलताईंना साकव बांधणारा कंत्राटदार भेटला. हसून नमस्कार करून गेला. घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि डबीपाशी तोंड नेलं.

“खरं सांग. साकव तू बांधलास का रे?”

“नाही, ताई. माझ्याकडे काम फक्त पाण्याचं.”

“मग ‘मी चुकलो’ कशाला म्हणालास?”

भगीरथानं या उत्तराला पूर्वीसारखा फार वेळ लावला नाही.

“ठरावात तसं आहे, ताई. आणि दुसरं कोणी म्हणतही नव्हतं.”

तात्यांनी अगदी मनापासून क्षमा केली होती, त्यामुळे गावातले सगळे नळ भरभरून वाहत होते, आणि आंबेखोलमध्ये कोणाचंही काहीही अडलं नव्हतं.