गुरुवारचा थेंब

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. छोटंसंच होतं. ‘भागवतराव, चाचण्या संपल्या. येत्या गुरुवारी घरी चहाला याल का? — रोहिणी.’ वाचताना माझी नजर ‘गुरुवारी’वर अडकली. गुरुवार हा सुईचा वार. चहा हे निमित्त असणार, पुढच्या फेरीला बोटं कमी पडत असणार... मी पत्र पुस्तकात ठेवून दिलं.

बेलापूरच्या आमच्या वाचनालयात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी शिडीवर होतो. इथे साखरेचा त्रास असलेलं कोणी आहे का, असं त्यांनी खालून विचारलं. माझ्या हातातलं पुस्तक निसटून त्यांच्या पायाशी पडलं. ते उचलून, धूळ झटकून त्यांनी वर दिलं आणि म्हणाल्या, “हे ‘हो’ समजू का?”

रोहिणीबाई श्रीरामपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, निवृत्तीला आलेल्या. घरी त्या एकट्या, मीही एकटा. ही बातमी वाचनालय झाडणाऱ्या रंगुबाईने आम्हा दोघांनाही परस्पर पुरवली होती. दर गुरुवारी दुपारी पत्र्याखालच्या वाचनकक्षात त्या टेबल मांडत आणि आमच्या बोटाचा एकेक थेंब साखर मोजायच्या आपल्या नव्या पट्टीवर घेत.

बाजारातल्या पट्टीत एन्झाइम असतं, ते उन्हात खराब होतं, असं त्यांनी मला समजावलं होतं. ऊसतोडीच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांत, अशी पट्टी टिकायची कशी? म्हणून त्यांच्या पट्टीत एन्झाइमच नव्हतं. पेप्टाइडचे, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे पाण्यात सोडले की ते आपले आपण जोडले जाऊन जाळी तयार होते. त्या जाळीत तांब्याचे कण बसवायचे. साखर तिथे पोचली की वीज किंचित वाढते, ती मोजायची.

माझा विश्वास बसेना. “कोणी न सांगता जोडले जातात?”

“जवळ आले की जमतं त्यांना,” माझ्या बोटाकडे पाहत त्या म्हणाल्या. “सगळ्यांनाच जमतं असं नाही. आणि बोट एवढं आवळून धरू नका, परत देणार आहे मी.”

मी हसलो, पण घरी जाताना शंका आलीच. रोहिणीबाई प्रत्येकाशी असंच बोलत असतील. रंगुबाईचा थेंब पटकन घेतात, माझ्याच बोटाशी एवढा वेळ का? माझ्या साखरेत काही खास असेल. माझ्यात काही खास असेल, हे मात्र मनाला पटेना.

चाचण्या संपून महिना उलटल्यावर गावाला निकाल सांगायला त्या वाचनालयात आल्या. मी शेवटच्या बाकावर, खांबाआड बसलो. पट्टी बऱ्यापैकी टिकली होती. फसली ती एका जागी.

“एक गृहस्थ दर वेळी आवळासुपारी खाऊन यायचे,” त्यांनी सांगितलं. “बोटालाही तीच लागलेली. आवळ्यातलं क जीवनसत्त्वसुद्धा वीज वाढवतं. पट्टीला ते साखरेसारखंच वाटतं. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही त्यांचे आकडे बाद केले.”

माझा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. पुडी होतीच. त्या येणार म्हटलं की माझा घसा कोरडा पडायचा, म्हणून तोंडात टाकायची सवय लागली होती.

रंगुबाई पुढच्या रांगेतून उठली. “आकडे बाद, तर मंग त्या मानसाला शेवटपतुर सुई कशापायी टोचली वो बाई?”

हशा पिकला. रोहिणीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. खांबाआड त्यांना मी दिसत होतो की नाही, कोण जाणे...

“पट्टीला आवळा चालत नाही,” त्या म्हणाल्या. “मला चालतो.”

पुढचं मी ऐकलं नाही. सभा संपल्यावर त्यांनी दारात मला विचारलं, काही शंका आहे का? आयुष्यात पहिल्यांदाच मी नाही म्हणालो, आणि घाम पुसत घराकडे निघालो.

रंगुबाईने मागून हटकलंच. “भागवतआण्णा, खिशात काय हाय?”

“औषध,” मी म्हणालो.

“लई गुणाचं दिसतंय.”

घरी पोचून ते पत्र काढलं आणि खाली बसून उत्तर लिहिलं. ‘रोहिणीबाई, तो गुरुवार मी वाया घालवला. पुढचा चालेल का? येताना घसा कोरडा पडेल, म्हणून आवळासुपारी खाऊनच येईन. सुई काढलीत तरी हरकत नाही. — भागवत.’

ते पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. म्हणून लगेच पाकीट चिकटवलं आणि टपालपेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला. तरी मी फटीत बोट घालून पाहिलं. नव्हतं. गेलं होतं.