निळ्या पिशवीतले पैसे

या, जरा पुढं सरकून बसा. कीर्तनात मागं बसलेल्याला टाळ ऐकू येतात, पण शब्द निसटतात. आणि ही गोष्ट शब्दांवर कान ठेवून ऐकायची आहे. हिच्यात पैसे हरवतात आणि एका भल्या माणसाच्या गळ्याशी फास येतो. तो कसा सुटला ते सांगतो. वाटेत काही लपवणार नाही. जे तपास करणाऱ्या बाईंनी ऐकलं तेच तुम्हीही ऐकाल.

मार्गशीर्षातली बारस होती. बारामतीजवळच्या जळोचीचे कुंडलिकआबा एकादशीचा उपास आणि कीर्तनाचा जागर आटोपून पारण्याला बसले होते. पखवाजानं बोटं सुजलेली, पोट पाठीला लागलेलं, पुढ्यात ऊन ऊन वरणभात. पहिला घास तोंडाशी गेला आणि दारात खाकी कपडे दिसले.

"जेवा आबा. मी बसतो हितंच," म्हस्कू म्हणाला आणि उंबऱ्यावर टेकला.

म्हस्कू म्हणजे पळसदेवच्या मुक्कामी गाडीचा कंडक्टर. संध्याकाळी बारामतीहून गाडी घेऊन जायचा, पळसदेवात मुक्काम करायचा आणि सकाळी परत आणायचा. आबांच्या भजनात तो टाळ धरायचा. चार आणे सुटे द्यायचे राहिले, तर उतरलेल्या माणसामागं धावणारा माणूस. आज त्याचं तोंड पिळून वाळत घातल्यासारखं दिसत होतं.

"काय झालं रे?"

"आबा, मला चोर म्हणत्यात."

घास ताटातच राहिला. आबांनी हात धुतला आणि स्कूटर काढली.

बारामतीत भिगवण रस्त्याला एका जिन्यावर 'खासगी तपास' अशी पाटी होती. तिथं ज्योत्स्ना सोनवणे बसायच्या. वकिलाकडं काम करता करता त्यांना खऱ्याखोट्याचा छंद लागला आणि मग त्यांनी हाच धंदा मांडला. सोयरिकीची चौकशी, विम्याची चौकशी, असली कामं. आबा त्यांचे सोबती: स्कूटर चालवायची, गावोगावच्या ओळखी काढायच्या, आणि तपास चुकीच्या बाजूला गेला की त्या बाजूला सगळ्यांत पुढं असायचं. येताना ते बागेतली दोन फुलं आणत आणि तिथल्या बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवत. ज्योत्स्नाताईही त्यांच्या कीर्तनाला येऊन मागच्या रांगेत बसत. दोघांनी याबद्दल कधी चर्चा केली नव्हती.

"पहिल्यापासून सांगा, म्हस्कूदादा," ताई म्हणाल्या.

म्हस्कूनं सांगितलं. पळसदेवची पाच-सहा पोरं बारामतीत खोल्या घेऊन शिकतात. त्यांचे जेवणाचे डबे रोज सकाळी याच गाडीनं येतात. आया डबे पिशवीत घालून थांब्याच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवतात, म्हस्कू ते गाडीत घेतो. सरुबाई मासे विकणारी. तिची लेक नंदा नर्सिंग शिकते. काल सरुबाईनं तिच्या फीचे तीन हजार डब्याच्या पिशवीत घातले. डबा नंदाला पोचला. पैसे पोचले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं पैसे आहेत ते?"

"तोच तर घात झाला. मी गाडीत वाकून पिशव्या लावत हुतो. भायेरनं सरुअक्का वरडली, 'दादा, पिशवीत पैसं घातल्यात, नीट न्या.' मी न बघताच म्हनालो, 'व्हय'."

"पैसे न्यायची परवानगी असते?"

"कशाची. डबं नेतो तेबी भिडेखातर. आता अक्काचा दीर भिमा म्हनतो, संध्याकाळच्या गाडीपतुर पैसं आलं न्हाय तर डेपोत अर्ज देतो. नेलं म्हनालो तर नोकरी जाती. न्हाय नेलं म्हनालो तर गळ्यात माळ घालून खोटं बोलतो." त्यानं तुळशीची माळ चाचपली. "जाळ्यातल्या माशागत झालंय ताई. हिसका दिला की गाठ घट्ट."

"गावात कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"अक्का, भिमा आन नंदा. बाकी कुनाला न्हाय. संध्याकाळपतुर गप ऱ्हातो म्हनालेत."

"बरं. आज आपणही पैशाचं नाव काढायचं नाही. फक्त डब्यांबद्दल विचारायचं."

सरुबाई सकाळच्याच गाडीनं आली होती. स्टँडवर लीलाबाईच्या चहाच्या टपरीमागं ती गुडघ्यात मान घालून बसली होती. ताई तिच्याशेजारी खालीच बसल्या.

"डबा ठेवलात तेव्हाच पैसे का नाही घातले?"

"तवा हुतंच कुठं? पयला नंबर माझाच असतो कट्ट्यावर. तव्यावरची भाकरी आन चिलापी माशाचं कालवण भरलं, पिशवी ठेवली आन धरणाच्या पाण्यावर गेले. व्यापारी तितंच आला, माशाचं पैसं दिलं त्यानं. तवर गाडीचा हारन वाजला. पळत आले, दुधाच्या रिकाम्या पिशवीत पैसं गुंडाळलं आन डब्याच्या कडंनं आत सारलं."

"पिशवी तुमचीच होती?"

"माझीच की. निळी. सप्त्याचा जुना मांडव फाडून गावच्या साखरबाईनं पिशव्या शिवल्या, त्यातली."

"आत हात घातला तेव्हा डबा हाताला लागला असेल."

"लागला की. गारढोण. थंडीचं दिस हायेत बाई, हितं मानूस गारठतंय, तितं स्टीलचं काय."

आबांनी मनात नोंद केली की बाईला थंडी फार वाजते. एवढीच नोंद केली.

मग लीलाबाई. डब्यांच्या पिशव्या तिच्या टपरीत उतरायच्या आणि पोरं तिथून न्यायची. आबांचा सगळा संशय तिच्यावर होता, कारण तिच्या हातात नवं घड्याळ होतं.

"माझ्यावर डोळं का वटारता पखवाजवालं?" लीलाबाई कपात चहा ओतत म्हणाली. "या टपरीत लोक काय ठेवत न्हाईत? डबं ठेवत्यात, कोंबड्या ठेवत्यात. एकदा तर नवरदेवाचा फेटा ठेवला हुता. त्यो न्यायला आला न्हाय, नवरीच आली."

"काल नंदाचा डबा?" ताईंनी विचारलं.

"तो टपरीत आलाच न्हाय. पोरगी गाडीच्या दारातच हुबी. म्हस्कूच्या हातनं तिच्या हातात. हितं बाकड्यावर बसून माझ्यासमुर जेवली. रिकामी पिशवी झटकून घडी घातली, डब्यासंगं माझ्याकडं दिली."

"काही पडलं पिशवीतून?"

"भाकरीचा चुरा."

आबांनी बोटांवर हिशेब मांडला. लीलाबाईनं पिशवीला हात लावला नव्हता. नंदानं सगळ्यांसमोर ती उघडली होती. मग मधे राहिलं कोण? एकटा म्हस्कू. सुटका करायला निघालेल्या आबांनी त्याच्याभोवतीचं एकेक दार आपल्याच हातानं लावलं होतं.

नंदा आली. रडून डोळे सुजलेले. ताईंनी तिला एवढंच विचारलं, "काल जेवलीस तेव्हा डबा कसा होता?"

"कसा म्हंजे?"

"चव वगैरे."

"आईच्या हातचं. भाकरी अजून ऊन होती, कालवणाच्या झाकणाला वाफेचं पाणी धरलं होतं." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "ताई, म्हस्कूमामांनी मला लहानपणापासून पदरचं तिकीट काढून शाळेला नेलंय. ते घेणार न्हाईत. आई चुकली म्हणावं, तर तिनं सोताच्या हातानं घातल्यात. कुणाला खोटं म्हणू मी?"

ताई आबांकडं वळल्या. "आबा, पळसदेवची आणखी पोरं भेटतील?"

एकजणच भेटला. अविराज, डाळिंबाची बाग असलेल्या रामभाऊंचा मुलगा. बाकीचे कॉलेजात होते. हा हसतमुख होता, केस नीट चापून बसवलेले.

"काल डब्यांची अदलाबदल झाली का रे?" ताईंनी विचारलं.

"न्हाय. माझा मला आला. झाकणावर नाव घातलंय की."

"काय होतं डब्यात?"

"शेंगदाण्याचे लाडू अन केळी. आमची आई लई कडक. मी हितं काय खातो ते तिला दिसत न्हाय, तरी डबा तिच्या मनासारखाच."

"घरी जातोस का?"

त्याचं हसू जरा हललं. "चार म्हैने गेलो न्हाय. मला मोटार रिवायंडिंग शिकायचंय. अण्णा म्हणाले, माझ्याकडनं दमडी मिळणार न्हाय, अन बोलणं सोडलं. पण आता मिटलं. रविवारी जाणार हाय, पाया पडायला. आज सकाळीच क्लासात नाव घातलं."

"अण्णा भेटले तुला?"

"न्हाय. पण मिटलं." तो जमिनीकडं बघत हसला. "काही माणसं तोंडानं बोलत न्हाईत."

"अण्णा बारामतीला येतात का?"

"आज आलेच असतील मार्केट यार्डात, डाळिंब घिऊन."

तो गेल्यावर आबा म्हणाले, "ताई, या पोरात वेळ गेला. आता म्हस्कूला सांगायचं काय? सगळ्या वाटा त्याच्यापाशीच येऊन थांबतात."

"थांबतात ना? आणि तो चोर नाही असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगता. मग वाटच चुकलीय. आबा, काल तुम्ही दिवसभर काय खाल्लंत?"

"रताळं. आणि शेंगदाणे."

"यार्डात जा आणि रामभाऊंना घेऊन या. नम्रपणे आणा. आणि रताळ्याचा विचार करत जा."

आबांनी विचार केला. रताळं रताळंच राहिलं.

संध्याकाळची गाडी फलाटाला लागली, तेव्हा टपरीपाशी सगळे जमले होते. सरुबाई, नंदा, हाताची घडी घातलेला भिमा, डाळिंबाच्या डागांचा सदरा घातलेले रामभाऊ. त्यांच्यापासून चार हात लांब अविराज. बापलेक एकमेकांकडं बघत नव्हते आणि दुसरीकडंही बघत नव्हते. म्हस्कू तिकिटांची पेटी छातीशी धरून उभा होता. ती पुन्हा धरायला मिळेल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"पैसे चोरीला गेलेलेच नाहीत," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

भिमा हसला. "मग काय उडून गेलं?"

"गेले, पण दुसऱ्याच्या घरी. सरुअक्का, पैसे सारताना तुमच्या हाताला डबा कसा लागला?"

"गार. सांगितलं की."

"नंदा, तू जेवलीस तेव्हा भाकरी?"

"ऊन होती." ती थबकली.

"एकच डबा पळसदेवात गारढोण आणि बारामतीत ऊन? तव्यावरची भाकरी भरलेला डबा वाटेत गार होतो, गरम होत नाही. म्हणजे अक्कांचा हात ज्या डब्याला लागला, तो अक्कांचा नव्हता. म्हस्कूदादा, कट्ट्यावरच्या पिशव्या तुम्ही कुठून उचलायला लागता?"

"ह्या टोकाकडनं. पयल्या नंबरापासनं."

"आणि पहिला नंबर अक्कांचा. त्या पळत आल्या, तेव्हा तुम्ही आत वाकून पिशव्या लावत होता. अक्कांची पिशवी केव्हाच आत गेली होती. कट्ट्यावर पुढं आलेली पिशवीही निळीच. सगळ्या गावच्या पिशव्या एकाच मांडवाच्या. अक्कांनी ती आपलीच समजली."

सरुबाईनं तोंडावर पदर धरला.

"मग कुनाची?" भिमानं विचारलं. त्याच्या हाताची घडी सुटली होती.

"थंडीतसुद्धा सकाळी सकाळी गार डबा कुठल्या घरातून निघेल? बाकी घरांत भाकरी भाजली असणार. काल एकादशी होती. आबा आमचे रताळ्यावर होते. आणि एका घरानं लेकाला लाडू आणि केळी पाठवली. त्यांच्यासाठी चूल कुणी पेटवत नाही."

आबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी अविराजकडं पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटलं. पोराच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता.

"त्यानं चोरी केली नाही," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "स्वतःच्या डब्याशेजारी, घरच्या पिशवीत पैसे मिळाले. सोबत ना चिठ्ठी, ना निरोप. चार महिने न बोलणाऱ्या बापानं शेवटी न बोलताच पाठवले, असं वाटलं त्याला. म्हणून तो म्हणाला, मिटलं. म्हणून आज सकाळी क्लासात नाव घातलं. अवि, मी तुला पैशाचं आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर म्हस्कूदादांचं गुपित फुटलं असतं. पण आता सांगणं भाग होतं."

अविराजचे ओठ हलले. "अण्णा, तुमी न्हवते पाठवले?"

रामभाऊंनी गाडीकडं पाहिलं. गाडीचं इंजिन घुरघुरत होतं. पोराचं नाव क्लासात पडलेलं होतं, पैसे भरून झाले होते. ना मागं जाता येत होतं, ना पुढं. म्हस्कूचा फास सुटला होता, तो या पोराच्या गळ्यात पडला होता. आणि आबांना वाटलं, तपास लागला नसता तर निदान हा रविवारी हसत घरी गेला असता.

मग रामभाऊंनी सदऱ्याच्या आतल्या कोपरीत हात घातला. डाळिंबाची पट्टी, म्हणजे विक्रीची रक्कम, नुकतीच मिळाली होती. त्यांनी नोटा काढल्या, थुंकी न लावता मोजल्या आणि सरुबाईच्या ओटीत ठेवल्या.

"अक्का, ह्ये तुमचं."

मग ते लेकाकडं वळले. चार हातांचं अंतर, पण ते चालायला त्यांना वेळ लागला.

"त्ये पैसं माझंच हुतं," ते म्हणाले. "निघायला एक दिस उशीर झाला, येवढंच."

अविराज वाकला. रविवारची वाट त्यानं पाहिली नाही.

भिमानं म्हस्कूपाशी जाऊन स्वतःचं पळसदेवचं तिकीट मागितलं. म्हस्कूनं ते पंच केलं. भोक जरा वाकडं पडलं. मग त्यानं टपरीतल्या रिकाम्या डब्यांच्या निळ्या पिशव्या उचलल्या. या खेपेला प्रत्येक पिशवी उघडून झाकणावरचं नाव वाचलं, मगच आत घेतली. गाडी सुटायला उशीर झाला. कुणी कुरकुरलं नाही.

परतताना आबा म्हणाले, "ताई, मला रताळ्यावरनं का न्हाय कळलं?"

"तुम्ही भक्तिभावानं खाल्लंत आबा. मी नुसतं ऐकलं."

तर मंडळी, एवढंच माझं मागणं. घरचा डबा उघडाल, वाफ तोंडावर येईल, तेव्हा रांधणारी आठवेलच. तिच्याजोडीला त्या म्हस्कूलाही आठवा. दारात वाकून दुसऱ्यांच्या पिशव्या आत घेणारा, कुणी हाक मारली की न बघता 'व्हय' म्हणणारा. अशा माणसाच्या भरवशावर आपलं कितीतरी चाललेलं असतं. त्याचं नाव घेऊन मग पहिला घास घ्या.