दुहेरी अस्तर

तंबूच्या भिंतीत हवेचा थर ठेवावा, ही सूचना माझी होती. फिजिक्समधलं एम.एस्सी. नुकतंच संपलं होतं, नोकरीचं काही ठरलं नव्हतं, म्हणून मी बंगळूरजवळ येलहंक्याच्या आमच्या शेडमध्ये अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मदत करत होते. बाहेरून खाकी कॅनव्हास, आतून मांजरपाटाचं पिवळसर अस्तर आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर मोकळी जागा. कोंडलेली हवा उष्णता सहज आत येऊ देत नाही, एवढंच साधं तत्त्व.

अण्णा म्हणाले, "आजोबांनी मिलिटरीला जन्मभर तंबू शिवले. त्यात कोणी शिजून मेल्याचं ऐकलं नाही." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी अस्तराचं कापड आणवलं.

तंबू शंतनुसाठी होते. तो मूळचा पुण्याचा, बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत होता. ती नोकरी सोडून त्यानं होन्नावरजवळ समुद्राकाठी सुरूचं बन भाड्यानं घेतलं होतं आणि तिथं तंबूंचं हॉटेल काढायचं ठरवलं होतं. एकेका तंबूत लाकडी पलंग, गालिचा, पंखा, आणि मागच्या पडद्याआड कमोड. कमोडचं ऐकून अण्णा बराच वेळ हसत होते. शंतनुनं गंभीरपणे समजावलं की फॉरेनर लोकांना जंगलही हवं असतं आणि अटॅच्ड बाथरूमही.

भिंतीत वाळू, विंचू शिरू नयेत म्हणून अस्तर आणि कॅनव्हास चारही कडांना एकत्र शिवून टाकायचं होतं. म्हणजे प्रत्येक भिंत ही एक मोठी, तोंड नसलेली पिशवीच झाली.

माणूस मावेल असं काहीही शिवताना, मग ती गादीची खोळ असो की तंबू, आमच्या घरात एक पद्धत आहे. शेवटची कड बंद करण्याआधी घरातल्यांची नावं पुकारायची. ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं 'मी भाईर' म्हणायचं. भाईर म्हणजे बाहेर. तीनशे वर्षं कन्नड मुलखात राहून आमची मराठी अशीच झाली आहे. जो गावाला गेला असेल त्याचं नाव घ्यायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की मशीन चालवायचं. असं का, हे अण्णांनाही ठाऊक नव्हतं. कधी काळी कापडाच्या ढिगाऱ्यात एखादं पोर झोपलं असेल आणि वेळेवर सापडलं असेल, त्यातून हा नियम आला असावा, असा मी अर्थ लावला होता. मला ती पद्धत आवडायची. प्रयोगशाळेतही गॅस सुरू करण्याआधी आम्ही असंच काहीतरी करायचो.

शेवटच्या तंबूची शेवटची कड राहिली होती. माझा मोठा भाऊ अजित मशीनवर बसला होता. हवाई दलाचं एक विमान नुकतंच डोक्यावरून गेलं होतं, त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत अण्णा थांबले. मग त्यांनी नावं घेतली. अजित म्हणाला, मी भाईर. मी म्हटलं, मी भाईर. वासंतीवहिनी माहेरी, होसकोट्याला गेली होती, म्हणून तिचं नाव घेतलं नाही.

"मैतू?" अण्णा म्हणाले.

"मी भाईर."

आवाज बारीक पण स्पष्ट होता. थोडा घाईतला. अजितनं मशीनचा पायटा दाबला आणि कड शिवून झाली.

जेवायला बसताना अजितनं मैतूचं छोटं ताट काढलं आणि तो तसाच उभा राहिला. मैत्रेयी, त्याची मुलगी, पाचवं लागलं होतं तिला. ती वहिनीबरोबर होसकोट्यालाच होती. अण्णांनी सवयीनं तिचं नाव घेतलं होतं.

गल्लीतलं कोणीतरी पोर असणार, मी म्हटलं. आमची ही पद्धत सगळ्या गल्लीला माहीत होती. मुलं तिचा खेळसुद्धा खेळायची. तरी अण्णा जेवण तसंच ठेवून शेडमध्ये गेले. भिंत जमिनीवर चादरीसारखी पसरलेली होती. त्यांनी तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला. सगळी सपाट. एखादी गाठसुद्धा हाताला लागली नाही.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. दुपारी टेम्पो आला.

तंबू उभे झाल्यावर शंतनुनं आम्हा सगळ्यांना राहायला बोलावलं. पाहुणे यायच्या आधी कोणीतरी राहून बघायला हवं, असं त्याचं म्हणणं. वहिनीनं समुद्र पाहिलेला नव्हता. जोगवरून घाट उतरून आम्ही होन्नावरला पोचलो तेव्हा मैतू टेम्पोतच झोपली होती. सकाळी तिनं समुद्र बघितला आणि विचारलं, "हा बंद कुठून करतात?"

ती सारी सकाळ तिनं वाळूत काढली. फ्रॉक ओला, केसांत वाळू, गुडघे खरचटलेले. शंतनुनं तिला खेकड्याचं बीळ दाखवलं, तर तिनं त्यात तोंड घालून आत कोण आहे असं विचारलं. अण्णा खुर्चीत बसून तंबूंकडे बघत होते. "राजानं राहावं असं केलंय रे," ते शंतनुला म्हणाले. त्यांच्याकडून एवढी स्तुती मी आयुष्यात ऐकली नव्हती.

जेवण झाल्यावर वहिनी मैतूला घेऊन आपल्या तंबूत आडवी झाली. कोणता तंबू कोणाला, हे शंतनुनं ठरवलं होतं. वहिनीचा तंबू शेवटी शिवलेलाच होता, हे कापडाच्या रंगावरून मला कळत होतं. मांजरपाटाचा तो तागा थोडा फिकट निघाला होता.

वहिनीच्या हाकांनी मी बाहेर आले. मैतू तंबूत नव्हती.

पलंगाखाली, बाथरूममध्ये, जेवणाच्या मांडवात, कुठंच नव्हती. सगळे समुद्राकडे धावले. अजित नदीच्या मुखाकडे गेला. शंतनुनं कोळ्यांना बोलावलं आणि त्यांनी होडी पाण्यात घातली. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "करंट आहे इथं, करंट आहे." वहिनी कमरेइतक्या पाण्यात उभी होती. ती आता हाका मारत नव्हती. नुसती पाण्याकडे बघत होती आणि लाट आली की बाजूला सरकत होती, जणू लाटेच्या मागे काही दिसेल.

मी तंबूकडे परत आले, कारण एक गोष्ट जुळत नव्हती. वहिनी म्हणाली होती की जाग आली तेव्हा दाराची झिप आतून बंद होती. झिपचं टोक माझ्या खांद्याच्या उंचीवर होतं. मैतूचा हात तिथं पोचला नसता. पोचला असता तरी बाहेर जाऊन ती आतून बंद कशी करणार?

तंबूत गरम नव्हतं. माझा हवेचा थर काम करत होता. वीज गेली होती आणि पंखा थांबला होता. वारा पडला होता; सुरूची झाडंसुद्धा गप्प होती.

समोरच्या भिंतीचं अस्तर एका जागी फुगलं होतं.

मोठं नाही. लहान मुलानं कपाळ टेकवावं एवढं, आणि तेवढ्याच उंचीवर. बाकीच्या भिंती सपाट होत्या.

"मैतू?" मी म्हटलं.

"आत्या, मला भाईर काढ."

मी भिंतीजवळ बसले आणि कडेवरून बोट फिरवत गेले. तळाची कड, उभी कड, वरची, दुसरी उभी. टीप कुठंही तुटलेली नव्हती. एक टाकाही सैल नव्हता. मग मी ओरडले.

अण्णा आले. त्यांनी खिशातलं पातं काढून तळाची कड उसवायला घेतली. पातं कापडाला लागलं नाही. आतून काही धडपड नव्हती. हातभर उसवल्यावर अस्तर वर उचललं गेलं आणि मैतू रांगत बाहेर आली, पलंगाखालून यावी तशी.

तिला घाम आलेला नव्हता. ती रडतही नव्हती.

त्यानंतरचा तासभर मला नीट क्रमानं आठवत नाही. अजित तिला घेऊन किनाऱ्यावर पळत गेला, एवढं आठवतं. वहिनी ओल्या साडीनिशी वाळूतच बसली आणि मैतूला इतकी घट्ट धरून राहिली की शेवटी तीच म्हणाली, "अम्मा, स्वल्प सोड." त्यावर सगळे हसले, कोळीसुद्धा. होडी परत ओढताना त्यांनी आरोळी दिली. शंतनु एका झाडाला टेकून उभा होता आणि चष्मा पुसत होता. अण्णांनी मैतूला जवळ घेतलं, तिच्या डोक्याचा वास घेतला आणि डोळे मिटले.

"मशीनच्या तेलाचा वास येतोय पोरीला," ते म्हणाले. "शिंप्याचीच नात."

मलाही तो वास आला. तेल आणि दोऱ्याचं मेण. आमच्या शेडचा वास.

मी तिचे पाय पुसायला टॉवेल आणला होता. पायांना वाळू नव्हती. बोटांच्या बेचक्यांत नाही, नखांत नाही. केसांतही नव्हती. झोपवण्याआधी वहिनीनं तिला आंघोळ घातली असेल. तेव्हा वहिनी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती, काही विचारण्यासारखी नव्हती.

ती आत कशी गेली याचा शोध आम्ही थोडा वेळ घेतला. खिडकीच्या झडपेशी कापडाची एक फट होती. मी तीत हात घालून पाहिला. चार बोटंच गेली. अजित म्हणाला, मांजर जाते की नाही इवल्याशा जागेतून, मग पोरंही जातात. आम्हाला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. मूल सापडलं होतं.

ऊन उतरायच्या आत अण्णांनी उसवलेली कड स्वतःच्या हातानं शिवली. दाभण, मेण लावलेला दोरा, दुहेरी टीप. पुन्हा उसवू नये म्हणून दुहेरी, ते म्हणाले. नावं पुकारली नाहीत. पुकारायची कशाला? जिची काळजी होती ती समोर बसून शहाळं पीत होती, आणि आम्ही सगळे तिच्याभोवती होतो.

येलहंक्याला आल्यावर सगळं सुरळीत चाललं. मैतू शाळेत जायला लागली. ती जेवायची नीट, झोपायची नीट, आधीपेक्षा जास्त अंगाला बिलगून असायची. वहिनी कितीतरी दिवस तिला नजरेआड होऊ देत नव्हती, मग हळूहळू देऊ लागली. गुडघ्यावर खरचटल्याच्या खुणा राहतील अशी तिला भीती होती. एकही राहिली नाही. शंतनुचा फोन आला की तंबू भरलेले आहेत, आणखी हवेत. मला बंगळूरमध्येच एका संस्थेत नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी मी शेडमध्ये जायची.

नव्या तंबूची शेवटची कड आली, तेव्हा मी तिथं होते. दुपार होती, पत्र्यावर ऊन होतं. अजित मशीनवर, वहिनी दाराशी, मैतू माझ्या मांडीवर बोटाला दोरा गुंडाळत बसली होती.

अण्णांनी नावं घेतली. अजित, मी भाईर. वासंती, मी भाईर. माझंही झालं.

"मैतू?"

"मी भाईर," ती म्हणाली. मग थोडं थांबून, चूक दुरुस्त करावी तशी म्हणाली, "आता खरंच."

अजित हसला. "मग आधी कुठं होतीस गं?"

ती पुन्हा बोटाला दोरा गुंडाळू लागली. अजितनं पायटा दाबला, वहिनी हसत आत गेली.

तिच्या नावानं त्या दिवशी कोणीतरी बोललं होतं, हे आम्ही मैतूसमोर कधीच काढलं नव्हतं. ती तेव्हा होसकोट्याला होती.

तिनं माझ्या छातीवर डोकं टेकलं. तेलाचा आणि मेणाचा वास अजून तसाच होता. मशीन चालत होतं आणि मला अण्णांचा हात दिसत होता, समुद्राकाठच्या त्या भिंतीवर, नावं न पुकारता एकेक टाका ओढून घट्ट करणारा.