घोड्याच्या पायाची जीप

सलाईनच्या बाटल्या दिवस मावळायच्या आत तोरणमाळला पोचवायच्या होत्या. वर पटकीची साथ आली होती आणि आमश्याची बायको रेवाबाई निपचित पडली होती. आमश्या पायीच घाट उतरून शहाद्याला आला. दवाखान्यात बाटल्या होत्या, नर्स अनुसयाबाई होत्या. नव्हतं ते फक्त घाट चढणारं वाहन. ते होतं सारंगखेड्याच्या बन्सीलालकडे. लष्कराच्या लिलावातली जीप!

बन्सीलाल घोड्यांचा पारखी. यात्रेत जनावराच्या पायावरून हात फिरवून तो त्याचं कूळ सांगे; चुकलं तरी सांगे. जीपचे हादरे झेलणारे मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर त्याने आदल्याच दिवशी स्वतःच्या हातांनी नवे बसवले होते. एका टोकाला जाड नळी, दुसऱ्या टोकाला बारीक दांडा. कुठलं टोक वर, हे त्याने कुणाला विचारलं नाही.

“घोडाना पाय कसा ऱ्हास, बाई? वर जाड, खाले बारीक!” निघताना तो अभिमानाने म्हणाला.

अनुसयाबाईंनी पेंढ्यात रचलेल्या बाटल्यांचं खोकं मागच्या बाकावर घट्ट धरलं.

लोणखेडा मागे पडेपर्यंत जीप गुणी मुलीसारखी वागली. कपाशी संपली, सागाचं रान लागलं, सातपुड्याची निळी भिंत हळूहळू हिरवी होत अंगावर आली. मग रस्त्याने रस्ता असल्याचं सोंग सोडून दिलं.

पहिला नाला! जीप उडाली. आपटली. पुन्हा उडाली! नाला संपला तरी तिचं नाचणं थांबेना. खोक्यात काच खळ्ळकन वाजली.

“एक गयी!” अनुसयाबाई ओरडल्या. “बन्सीभाऊ, हळू!”

“जीपले नवा पायनी सवय व्हई ऱ्हायनी, बाई.”

आमश्या नुसता सूर्याकडे बघत होता.

घाटाच्या मध्यावर वळण आलं. इकडे कातळ, तिकडे दरी. मागचं चाक धोंड्यावर चढलं आणि जीप उसळली! मागचा भाग हवेत, मग आडवा, मग थेट दरीकडे! बन्सीलालने ब्रेक दाबला. दगड गडगडत गेले; तळाशी पोचल्याचा आवाज फार उशिरा आला. एक चाक निम्मं कड्याबाहेर होतं.

आमश्याने मागून खांदा लावला. बन्सीलालने जीप तसूतसूने पुढे काढली. मग आमश्याने खोकंच डोक्यावर घेतलं.

“सेठ, मी पायी जास.”

“पायी रात व्हई जाई,” अनुसयाबाई म्हणाल्या. “भाऊ, आते तो घोडा तपासा!”

बन्सीलाल जीपखाली शिरला. पिना काढून त्याने एक शॉकॲब्सॉर्बर बाहेर आणला आणि बसवला होता तसाच धरून दाबला. दांडा निम्मा आत गेला तो जोर न लावताच, फुकट. आतल्या तेलात बुडबुड झाली.

“सिरिंजमा हवा शिरनी का असंच व्हस,” अनुसयाबाई म्हणाल्या. “हवा वर चढस. तोंड फिरवा बरं.”

नळीच्या बुडाशी तेल ओढायची वाट होती. बन्सीलालने बूडच आभाळाकडे केलं होतं; ते बिचारं तेलाऐवजी हवा पीत होतं! त्याने जाड टोक खाली केलं. दाबलं, ओढलं, दाबलं. दांडा हळूहळू घट्ट झाला. शेवटी दोन्ही हातांचा जोर लागला.

“पण असा पाय कोणता घोडाना ऱ्हास?” बन्सीलाल रडकुंडीला आला.

“मरेल घोडाना, सेठ,” आमश्या शांतपणे म्हणाला. “पाय वर करी पडस ना.”

दोन्ही शॉकॲब्सॉर्बर उलटे झाले, म्हणजे सुलटे झाले. जीप निघाली. धोंडे आले, ती चढली, उतरली आणि गप्प राहिली! उरलेली एकही बाटली फुटली नाही. तोरणमाळच्या तळ्यावर ऊन असतानाच ते वर पोचले.

अनुसयाबाईंनी झोपडीच्या आढ्याला बाटली बांधली. दारातून बन्सीलाल कळवळला, “बाई, बाटली उलटी लागनी!”

“हिले उलटीच चालस!”

सकाळी रेवाबाईने पेज मागितली. मग दाराबाहेर, जीपखालून निघालेले दोन पाय बघून तिने विचारलं, “कोण शे तो?”

“घोडावाला सेठ,” आमश्या म्हणाला. “घोडा थकना. त्याना पाय चेपी ऱ्हायना.”

जीपखालचे हात क्षणभर थांबले, आणि पुन्हा चेपू लागले.