टेपचं दुसरं टोक

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत.

"सदर जागी अशी कोणतीही खोली अस्तित्वात नव्हती." खाली तुमची सही, तुमचा शिक्का. आणि ढिगाऱ्याखाली मेलेल्या बाईबद्दल एकच ओळ. ती बाहेरून आत शिरली असावी.

असावी.

पुढे जे सांगतोय त्यातलं अक्षरही पदरचं नाही. ज्याला पटत नसेल त्याने आचोळे गावात यावं, मी घर दाखवतो. मागच्या खोलीचं दार सताड उघडं आहे.

आत मात्र मी येणार नाही.

भुताला रात्र लागते असं तुम्हाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. गेल्या मे महिन्यातला रविवार होता. भर दुपार. बाहेर रिक्षावाले भाडी घेत होते.

मितेश माझा मावसभाऊ. कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा हात धरणारा विरार-वसईत कोणी नाही. त्याचा एक ग्रुप आहे, त्यावर तो रोज टिपा टाकायचा. भिंत पुसली जात नसेल तर आधी लेयर लॉक आहे का बघा. फाइल जड झाली असेल तर वापरात नसलेलं सगळं काढून टाका. कोणाची फाइल अडकली की पहिला फोन मितेशला.

त्या कागदावर सही करणारे हेच साहेब त्याला काम द्यायचे. पाडायच्या चाळी असतील तर आधी जाऊन मापं घ्यायची आणि जागेवर जे आहे त्याचा नकाशा काढायचा. हाताखाली माणूस मिळायचा नाही. टेपचं एक टोक मितेशच्या हातात, दुसरं टोक जो समोर दिसेल त्याच्या.

फुलपाड्याच्या त्या चाळीत दुसरं टोक शर्लीबाईने धरलं.

बाईचं माहेर आगाशीकडचं. नवरा गेलेला, मुलगी नताशा लग्न होऊन मीरा रोडला. चाळीच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती, तिचं दार मागच्या गल्लीत उघडायचं. बाई त्यात एकटी राहायची. गुडघे पार गेलेले. निळं प्लॅस्टिकचं स्टूल पुढे सरकवायचं, त्यावर भार टाकायचा, एक पाऊल. मग परत स्टूल.

खर्र... टक.

खर्र... टक.

अशी ती पार टोकाच्या भिंतीपर्यंत गेली, स्टुलावर बसली आणि टेप धरली.

"सोडू काय, बाळा?"

मितेश म्हणाला, नको, धरून ठेवा, मी सांगतो. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. टेपचा डबा उंबऱ्यात ठेवून तो गल्लीत गेला आणि बोलत राहिला. परत आला तर बाई तशीच बसलेली. हात थरथरतोय, पण टोक सोडलेलं नाही.

"तू बोललाच नाय ना, सोडा म्हणून."

घरी येऊन त्याने हे हसत हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

नकाशा बघताना साहेबांनी नेमकं त्याच खोलीवर बोट ठेवलं. ही वाढीव आहे, दाखवू नकोस. दाखवली की आणखी एक जण पर्यायी जागा मागत येणार. मितेश चाचरत म्हणाला, तिथे एक म्हातारी राहते.

"तू नकाशात माणसं काढतोस का भिंती? भिंती ना? मग पूस."

मितेशने पुसली नाही. ती खोली त्याने वेगळ्या लेयरवर, म्हणजे नकाशाच्या वेगळ्या थरावर, टाकली आणि लेयर बंद केला. छापलेल्या नकाशात खोली गायब, फाइलमध्ये जिवंत. एवढीच काय ती त्याची माणुसकी.

पाडकामाच्या सकाळी माणसं नकाशा हातात घेऊन फिरली. नकाशात होतं ते प्रत्येक दार ठोठावलं. मागच्या गल्लीत कोणी गेलंच नाही. दोरीपलीकडे अडवलेले लोक ओरडत होते की म्हातारी आत आहे, मागे आहे. कागद धरलेल्या माणसाने कागद बघितला. म्हणाला, मागे काही नाही.

जेसीबी मागून घातला.

शर्लीबाई दारापर्यंत पोचली होती. स्टूल घेऊन जेवढं लवकर जमेल तेवढं. दार आतून अर्धं उघडलेलं होतं.

तिला ओळखायला नताशाला तिच्या हातातल्या बांगड्या बघाव्या लागल्या. स्टुलाला मात्र साधा चरा नव्हता.

चौकशी लागली. तेव्हा नताशा मितेशच्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, तुम्ही माप घेतलं त्या दिवशी आईने मला फोन केला होता. खूश होती. एक पोरगा माप घेऊन गेला, म्हणाली, आता मला पण खोली मिळेल. नताशाला फक्त ती मूळ फाइल हवी होती. खोली होती आणि तिची आई त्या खोलीत होती, एवढं सिद्ध करायला. नाहीतर शर्लीबाई कायमची वाट चुकून ढिगाऱ्यात शिरलेली बाई ठरणार होती.

मितेशने तिला रविवारी संध्याकाळी बोलावलं.

शनिवारी साहेबांचा फोन आला. मूळ फाइल पाठव, पण साफ करून. आणि ठेवता ठेवता, सहज विचारावं तसं...

"आचोळ्याला तुझ्या आईची मागची खोली पण वाढीवच आहे ना रे?"

आता समजलं, काय पणाला लागलं होतं? एका म्हातारीची खोली ठेवायची तर दुसरीची पुसायची.

रविवारी जेवणं झाली. कृष्णाबाई, म्हणजे माझी मावशी, मागच्या खोलीत आडवी झाली. मितेश पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसला. बंद लेयर चालू केला. शर्लीबाईची खोली पडद्यावर उमटली. सिलेक्ट केली, पुसली. फाइल बंद करून पुन्हा उघडली.

खोली तिथेच होती.

आणि खोलीच्या कोपऱ्यात... एक छोटा चौकोन.

तो मितेशने काढलेला नव्हता.

त्याने आपल्याच टिपा आपल्यावर चालवल्या. लेयर लॉक नव्हता. फाइलमधल्या चुका तपासल्या, एकही नव्हती. मग वापरात नसलेलं सगळं काढून टाकायची कमांड दिली. बाकी कचरा गेला. खोलीवर येऊन सॉफ्टवेअर अडलं.

ही वस्तू वापरात आहे. काढता येणार नाही.

त्याने फाइल पुन्हा उघडली. चौकोन आता कोपऱ्यात नव्हता. खोलीच्या मधोमध आला होता.

मागच्या बाजूने आवाज आला.

खर्र... टक.

त्याला वाटलं, आय खाट सरकवतेय.

पुन्हा उघडली. चौकोन दाराला टेकलेला.

खर्र... टक.

मितेशच्या जागी दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. पण त्याला एक उपाय ठाऊक होता, शेकडो लोकांना शिकवलेला. फाइल ऐकतच नसेल तर चांगलं तेवढं उचला, कोऱ्या फाइलमध्ये नेऊन ठेवा आणि जुनी मरू द्या. त्याने सगळी चाळ उचलली. ती एक खोली सोडून. नवी फाइल साहेबांना गेली. जुनी पुसली, तिच्या प्रतीही शोधून शोधून पुसल्या. मापं लिहिलेला कागद फाडून मोरीत टाकला.

आवाज थांबला.

सगळंच थांबलं. मागे मावशीच्या घोरण्याचा आवाज असायचा... तोही नव्हता.

तो उठून मागे गेला. मावशी बोळात उभी होती. तहान लागली म्हणून पाण्याला उठली होती. हातात रिकामा पेला. दुसऱ्या हाताने भिंत चाचपत होती.

"मितेश... माजी खोली कुठं गेली, बाला?"

दार तिच्या समोर होतं. उघडं. आत तिची खाट, खाटेवर तिची गोधडी. मितेशला सगळं दिसत होतं. मावशीचा हात मात्र दाराच्या पोकळीत, हवेत, सपाट काहीतरी असल्यासारखा फिरत होता.

त्याला वाटलं, ऊन डोक्यात गेलं असेल. त्याने तिचा दंड धरला. चल, आय, आत झोप. ती मागे ओढत राहिली. नको म्हणत राहिली. तो चिडला आणि त्याने जोर लावून तिला उघड्या दारातून आत ढकललं.

धप्प.

मध्ये काही नव्हतं. मी पुन्हा सांगतो, मध्ये काही म्हणजे काही नव्हतं. कपाळ फुटलं. रक्त तिच्या नाकावरून पदरात उतरलं. आणि मितेश एका हाताने दंड धरून उभा होता, त्याचा दुसरा हात कोपरापर्यंत खोलीच्या आत.

टाके घालणाऱ्या डॉक्टरला आम्ही पडली म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो?

संध्याकाळी नताशा आली. मावशी कपाळाला पट्टी बांधून ओट्यावर बसलेली. मितेश उभ्या उभ्याच म्हणाला, फाइल उडाली, कॉम्प्युटर खराब झाला. मीही तिथेच होतो. नताशा ओट्याच्या कडेला बसली.

"फाइल राहू दे. आई तिथे होती, एवढं तरी तोंडाने बोल."

"मला आठवत नाही," मितेश म्हणाला.

तेव्हा आतून आवाज आला.

खर्र... टक.

आम्ही दोघं थिजलो. नताशा मात्र सावकाश उठली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आईचं स्टूल इथे कोणी आणलं?"

उत्तर मावशीने दिलं, तेही आमच्याकडे न बघता.

"आतमदी बाई रेते. मना बोलली, खोली भरलेली हाय."

नताशा चप्पल घालून निघून गेली. फाटकाशी वळून तिने मितेशला एवढंच सांगितलं, की मग राहू दे तिला. आता उठवू नकोस.

मितेशने त्या रात्री डोळा मिटला नाही. सकाळी त्याने जे आधीच करायला हवं होतं ते केलं. शर्लीबाईची खोली आठवून आठवून पुन्हा काढायला बसला. दार आठवलं, पत्रा आठवला, रुंदीही आठवली. लांबी काही केल्या आठवेना. तीच, जिचं दुसरं टोक बाईने धरलं होतं. खोलीचा ढिगारा कधीच उचलला गेला होता. कागद मोरीत गेला होता. ते माप आता जगात एकाच माणसापाशी होतं.

तो टेप घेऊन मागच्या दारात उभा राहिला. मी बोळाच्या तोंडाशी होतो. टेपचं टोक त्याने आत सरकवलं. जवळजवळ कुजबुजत म्हणाला,

"बाई, चुकलं. एकदा धरा."

टेप आत गेली. सरकत गेली. मावशीच्या खोलीची मागची भिंत आली... टेप थांबली नाही. भिंतीशी पोचून ती पुढे जात राहिली, जणू तिथे भिंतच नव्हती.

मग ती ताणली गेली.

मितेशने आकडा वाचला. लांबी जुळली, त्याला बघताक्षणी आठवली. ओठांतल्या ओठांत तो आकडा घोकत होता, तेव्हा आतून आवाज आला. थकलेला, पण मायेचा.

"सोडू काय, बाळा?"

मितेशच्या हातून डबा सुटला आणि तो मला धडकून बाहेर पळाला. सोडा म्हणायचं राहूनच गेलं.

नंतर त्याने तो नकाशा पुरा केला. खोली दाखवून, आपलीच चूक लिहून, सही करून तुमच्याकडे पाठवला. तुमचं उत्तर आलं. हा नकाशा घटनेनंतर तयार केलेला आहे, ग्राह्य धरता येत नाही. अर्जदाराच्याच मूळ फाइलनुसार जागेवर खोली नव्हती. आणि वर एक नोटीस. आचोळ्याचं वाढीव बांधकाम काढून टाका.

काढा ना. या. पण कागद हातात घेऊन मागच्या दाराशी आधी तुम्ही उभे राहा.

मावशी अजून ओट्यावर झोपते. पाऊस आला तर आम्ही ताडपत्री बांधतो. आत यायला ती तयार नाही आणि आता तिला ओढायची कोणाची छाती नाही. मितेशचा ग्रुप बंद आहे. लोक विचारतात, दादा, फाइलमधून एखादी गोष्ट पुसलीच जात नसेल तर काय करायचं? तो फोन ठेवून देतो.

टेप तिथेच आहे. डबा उंबऱ्याला अडकून पडलाय. स्प्रिंगची टेप आहे, लॉकचं बटण दाबलेलं नाही. टोक सुटलं असतं तर क्षणात गुंडाळून डब्यात गेली असती. गेलेली नाही. उंबऱ्यापासून ती तिरकी वर चढत जाते, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या हाताइतकी, आणि कधी कधी... जरा थरथरते.

तुम्ही म्हणता खोली नव्हती. तुम्ही म्हणता बाई नव्हती.

मग साहेब, ते दुसरं टोक धरून कोण बसलंय?