न पेटलेला स्टोव्ह

"माझ्या बायकोनं गुन्हा कबूल केलाय," हरेश्वर म्हणाला, "आणि ती खोटं बोलतेय."

हेमचंद्र धुरंधरने खडखडणारा पंखा बंद केला आणि समोरची खुर्ची पुढे सरकवली. पूर्वी विमा कंपनीसाठी दाव्यांची तपासणी करणारा हेमचंद्र आता दादरला स्वतःच्या ऑफिसात खाजगी चौकशा करायचा. कोपऱ्यात त्याचा मित्र हेरंब पेपर वाचत होता. तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि मे महिन्याची सुट्टी इथेच काढायचा. त्यानेही पेपर खाली ठेवला.

हरेश्वर गिरणीच्या हजेरीखात्यात कारकून होता. संपाचा सोळावा महिना चालू होता, गिरणीला टाळं होतं, आणि तो दिवसभर कामाच्या शोधात वणवण फिरत असे. त्याची पहिली बायको मीनाक्षी काविळीने गेली, तेव्हा मुलगी नलू सात महिन्यांची होती. वर्षभरापूर्वी त्याने मालनशी लग्न केलं. मालनने मध्यंतरी बाहेर काहीतरी काम धरते म्हटलं होतं. आपल्या घरातली बाई बाहेर राबणार नाही, असं त्याने तिला बजावलं होतं.

सोमवारी दुपारी दोन वर्षांच्या नलूचा पाय भाजला. संध्याकाळी घरी आल्यावर हरेश्वरने विचारलं, तर कशाने ते कोणी सांगेना. मंगळवारी मीनाक्षीचे वडील चिंतामणराव फणसवाडीहून नातीला बघायला आले. मांडीच्या दोन्ही बाजूंचे चट्टे पाहून ते ताडकन म्हणाले, की सांडशी तापवून पोरीला डागलंय. मालन म्हणाली, हो, मीच.

"आज संध्याकाळी सहापर्यंत तिला घराबाहेर काढ, नाहीतर मी पोलिसांत जातो आणि नलूला घेऊन जातो, असं अण्णांनी, मीनाक्षीच्या वडिलांनी, सांगितलंय."

"आणि तुम्हाला तिची कबुली खोटी का वाटते?"

"घरात रॉकेल नव्हतं. रविवारी रात्री संपलं, बाटलीच्या तळाशी घोटभर उरलं असेल. सोमवारी आम्ही पाव खाऊन राहिलो. सांडशी तापवली कशावर?"

हेमचंद्रने घड्याळात पाहिलं. दोन वाजायला आले होते.

करी रोडच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर अर्ध्याअधिक दारांना कुलपं होती. संप लांबला तशी माणसं गावाला निघून गेली होती. हरेश्वरची खोली पश्चिमेच्या टोकाला, शेवटची. समोर बंद गिरणीची उंच भिंत. गॅलरीत ऊन नुसतं भाजत होतं. जिने चढून दमलेला हेरंब कठड्याला टेकला आणि झटकन मागे झाला. त्याच्या पांढऱ्या बाहीवर काळा पट्टा उमटला होता.

हरेश्वर ओशाळला. घरमालकाने पंधरा दिवसांपूर्वी कठड्याच्या लोखंडी गजांना डांबरी रंग मारून घेतला होता. ऊन चढलं की तो अजून चिकट होई.

खोलीत नलू मालनच्या मांडीवर बसून तिच्या गळ्यातले मणी ओढत होती. हेमचंद्रने हेरंबला चट्ट्यांचं अगदी मापात चित्र काढायला सांगितलं. गुडघ्याच्या थोडं वर, उजव्या मांडीच्या बाहेरून एक आणि आतून एक, असे दोन आडवे, सरळ चट्टे होते. दोन्ही एकाच उंचीवर. त्यांत बारीक काळे कण रुतलेले. नाक्यावरच्या डॉक्टरांनी ते पाण्याने धुऊन पाहिले होते, निघाले नव्हते. कातडी निघेल तेव्हाच निघतील म्हणाले.

"काय झालं ते तुम्ही सांगा," हेमचंद्र मालनला म्हणाला.

"रडत होती. मला राग आला. डागलं." ती जमिनीकडे पाहत होती.

सांडशी कशावर तापवली, तर म्हणाली स्टोव्हवर. किती वेळ विचारल्यावर पुन्हा एवढंच म्हणाली, डागलं. बोलताना ती हात पदरात लपवत होती, पण नलू घसरू लागली तशी तिने तिला सावरलं, आणि हेमचंद्रला तिची बोटं दिसली. शेंडे पांढरे पडून सुरकुतले होते, आणि त्यांवर बारीक बारीक चिरा होत्या.

त्याने सांडशी मागून घेतली, उघडझाप केली आणि हेरंबच्या हाती दिली. तिची टोकं बाकदार होती. हेरंबने ती चित्राशेजारी धरली, कपाळाला आठ्या घातल्या आणि परत केली.

हरेश्वरची आई रमाबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस तिला नुसता सावलीसारखा दिसे. सोमवारी दुपारी आपण झोपलो होतो, आपल्याला काही ठाऊक नाही, एवढंच ती म्हणाली. तिच्यामागच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली उपडी ठेवली होती.

"तेल संपलं वाटतं?"

"संपलं," रमाबाई म्हणाली.

"रविवारीच तर नवी बाटली आणली होती," हरेश्वर नवलाने म्हणाला. रमाबाईने तोंड फिरवलं.

दोरीवर नलूचं सोमवारचं झबलं वाळत होतं. ते धुतलेलं होतं, तरी कमरेखाली तेलाचा मोठा डाग तसाच होता.

शेजारच्या खोलीत काशीबाई राहायची. पाय मुरगळल्याने आठवडाभर खाटेवरच होती. तिने सांगितलं, की तिनाच्या सुमारास नलू किंचाळू लागली. हाका मारल्या, पण कोणी ओ दिली नाही, आणि काशीबाईला स्वतःला उठवेना. बऱ्याच वेळाने रडणं थांबलं. मग रॉकेलचा वास आला, आणि ती पुन्हा किंचाळली.

"आणि स्टोव्हचा आवाज?"

"आवाज नाय आला. त्यांचो स्टोव्ह फरफरलो की माझी फळीवरची भांडी हालतात."

"मालन केव्हा दिसली?"

"पाचाक. माझ्या दारावरनं आत गेली, तोंडावर पदर धरून. काय झाला गो, विचारला तर थांबली पण नाय."

बाहेर आल्यावर हेरंब हळूच म्हणाला, की डागून झाल्यावर ती घाबरून पळाली असणार आणि पाचला परतली. चित्राचा कागद घेऊन तो गॅलरीच्या टोकाला गेला, उकिडवा बसला आणि गजांमधलं अंतर मोजू लागला.

साडेपाचला चिंतामणराव आले. इस्त्रीचा सदरा, हातात कातडी पिशवी, पिशवीत लिहून आणलेली तक्रार. ते खुर्चीवर बसले नाहीत. हरेश्वरला म्हणाले, "काय ठरलं तुझं?"

"दहा मिनिटं माझं ऐका," हेमचंद्र म्हणाला. "मग हवं तिथे जा. या मुलीला कोणीही डागलेलं नाही."

चिंतामणरावांनी मालनकडे बोट केलं. "तिनं स्वतः कबूल केलंय."

"सांडशी तापवायला स्टोव्ह पेटावा लागतो. हा स्टोव्ह पेटला की शेजारच्या घरातली भांडी हलतात. सोमवारी काशीबाईंना वास आला, आवाज नाही. म्हणजे उरलेलं घोटभर रॉकेल जाळलं नाही. ते कशाला तरी पुसायला वापरलं, तेही पोर किंचाळून गप्प झाल्यावर. पाण्याने न निघणारं, रॉकेलने निघेल असं काय असतं?"

हेरंबने आपली बाही पाहिली. "डांबर," तो म्हणाला.

"जखमेतले काळे कण काजळी नाहीत. काजळी डॉक्टरांच्या हातून धुऊन निघाली असती. सांडशी बाकदार, चट्टे सरळ. आणि पायाच्या दोन बाजूंना, एकाच उंचीवर. माझ्या मित्राच्या चित्रात मांडीची जाडी साडेतीन इंच आहे. बाहेरच्या शेवटच्या दोन गजांमधलं अंतरही तेवढंच. त्याच दोन गजांवरचा रंग खरवडलाय."

चिंतामणरावांनी मान वळवून दाराबाहेरच्या गजांकडे पाहिलं.

"नलू गॅलरीत बसली आणि तिने पाय गजांतून बाहेर सोडला. लहान मुलं सोडतातच. तो गुडघ्याच्या वर अडकला. तिनाचं ऊन, लोखंडाचे गज, त्यांवर काळं डांबर. आपण हात लावून झटकन काढतो. तिला काढता येईना. समोर गिरणीची भिंत, बाजूला कुलपं. कोणाला दिसणार? मग कोणीतरी आलं आणि नवीकोरी तेलाची बाटली ओतून पाय सोडवला. झबल्यावर डाग आहे. मालनबाई पाचला बाहेरून आल्या. मग तीन वाजता घरात कोण होतं?"

रमाबाई भिंतीपासून पुढे सरकली. मालन चटकन म्हणाली, "आई, तुम्ही बोलू नका."

पण रमाबाई बोलली. तिचा डोळा लागला होता. किंकाळी ऐकून उठली, भिंत धरत बाहेर गेली. पोर कुठून रडतंय तेच कळेना. गजांवरून हात फिरवत फिरवत पाय सापडला.

"माझा हात पोळला, तेव्हा कळलं तिचं काय होत असेल," ती म्हणाली. "चिकट डांबर निघावं म्हणून रॉकेलने पुसलं. त्यानेच जास्त किंचाळली ती. मला काय ठाऊक?"

"गार पाणी ओतत राहायचं होतं," हेमचंद्र हळू आवाजात म्हणाला. "पण ते पुष्कळांना ठाऊक नसतं."

हरेश्वर मालनकडे वळला. "तू कुठे होतीस?"

हेमचंद्रला उत्तर ठाऊक होतं, पण ते तिचं तिनेच सांगायचं होतं. शेवटी तिने दोन्ही हात पदरातून बाहेर काढले आणि नवऱ्यापुढे धरले. दीड महिना ती ससून डॉकवर कोळंबी सोलायला जात होती. अकराला निघायची, पाचला परत. वाटेत कोणी ओळखू नये म्हणून तोंडावर पदर घ्यायची आणि अंगाचा वास जावा म्हणून हरेश्वर यायच्या आत अंघोळ करायची.

"मग कबुली कशाला दिलीस?" चिंतामणरावांचा आवाज उतरला होता.

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आंधळ्या म्हातारीजवळ पोर टाकून ही बाहेर जाते. नलूला नेलंच असतं तुम्ही." तिने नलूला जवळ ओढलं. "मी एकटी वाईट ठरून गेले असते, तर ती बापाजवळ तरी राहिली असती. मी आईंना शपथ घातली होती."

चिंतामणराव आता खुर्चीत बसले. नलू त्यांच्याकडे बघून पुन्हा मालनच्या मानेत तोंड खुपसून बसली. ते बराच वेळ तिच्या पायाकडे पाहत राहिले. मग पिशवीतली तक्रार काढून त्यांनी तिचे चार तुकडे केले, आणि ते कुठे टाकावे न कळून मुठीतच धरून ठेवले.

हरेश्वर उठला. ट्रंकेखालचं जुनं गोणपाट काढून बाहेर गेला आणि गजांना बांधू लागला. हेरंब सुतळी धरायला गेला. बऱ्याच वेळाने दारात येऊन, मालनकडे न पाहता, हरेश्वर म्हणाला, "उद्या अकराला मी स्टॉपपर्यंत येतो तुझ्याबरोबर."

मालनने नुसती मान हलवली. डोळे पुसायला तिने पदर घेतला, तो नलूने ओढून धरला.

"दुपारी मी येत जाईन," चिंतामणराव रमाबाईला म्हणाले. "अकरा ते पाच. फणसवाडीत मी भिंतींशी बोलत बसतो. मला नीट दिसतं अजून."

रमाबाईने आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला.

"या, चिंतामणराव," ती म्हणाली. "पण जेवून येऊ नका."