उतरले का सगळे?

ही बनवलेली गोष्ट नाही.

ज्या माणसासोबत हे घडलं, तो आजही रोज संध्याकाळी कन्हान नदीच्या काठावर हातात दोर धरून बसलेला असतो. विश्वास नसेल तर लोधीखेड्याच्या बाजूला येऊन कोणालाही विचारा.

मागच्या वर्षीची कार्तिक पौर्णिमा. वेळ दिवे लागायची. रात्र नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. घाटावर दोनशे माणसं होती.

केशवरावांची संत्र्याची बाग नदीच्या पल्याड. पूल नव्हता तेव्हा त्यांचा डोंगा दिवसभर पाण्यात असे, बांबूनं रेटायला ते स्वतःच. संत्र्याच्या पेट्या, कापसाची गाठोडी, कामावरच्या बाया, सगळं त्यातूनच ये-जा करी. आणि शेवटच्या फेरीचा एक नेम होता. दिवस बुडाला की अलीकडच्या काठावरून गाण्यात हाक द्यायची...

"कोणी राह्यलं का वो... पल्याड कोणी राह्यलं का..."

तीन वेळा.

उत्तर आलं, तर नावाडी कितीही थकलेला असो, डोंगा न्यायचाच. माणूस अलीकडे आणला की विचारायचं, "उतरले का सगळे?" शेवटच्यानं म्हणायचं, "उतरले, बांधा." मगच दोर खुंट्याला. विचारल्याशिवाय डोंगा कधी बांधला जात नसे.

शेवटचं माणूस बहुतेक एकच असे. मनकर्णा, केशवरावांची बायको. बागेच्या फाटकाला दोर बांधल्याशिवाय ती निघत नसे. आणि तिसऱ्या हाकेशिवाय तिचं उत्तर येत नसे.

"राह्यली वो... मी एकली राह्यली..."

केशवराव चिडत. "पह्यल्या हाकेले का मूग गिळून बसली होती, अश्विनीचे माय?"

"तवा तुमचा गळा साफ होऊन राह्यला होता न जी," ती डोंग्यात बसता बसता म्हणे. "तिसऱ्या हाकेले कुठी सुरात येता तुम्ही."

पुढे पूल झाला. डोंगा बाभळीखाली पालथा पडला. गाणं तेवढं भजन मंडळात उरलं. केशवराव हाक द्यायचे, मनकर्णा मागून उत्तराची ओळ उचलायची, म्हणजे झील धरायची.

पौषात ती गेली. नागपूरच्या दवाखान्यात. केशवराव चहा प्यायला खाली उतरले होते. वर आले, तर खाट रिकामी...

"मी येईलोक थांबली नाही," एवढंच ते लेकीजवळ बोलले. अश्विनी पांढुर्ण्याला दिलेली. ती चार दिवस राहिली आणि गेली.

त्यानंतर बागेचं फाटक कोणी बांधलंच नाही. उघडंच लोंबत राहिलं. केशवरावांनी गाणंही सोडलं.

मग कार्तिकात सौंसरचे योगेश गुरुजी आले. जुने कामाचे डोंगे आणि डोंग्यावरची गाणी, असा महोत्सव त्यांनी घाटावर ठरवला होता. केशवरावांचा धरून पाच डोंगे गोळा केले, डांबर लावलं, पाण्यात सोडले. शोभा म्हणून प्रत्येकाच्या कडेनं पांढरा पट्टा मारला. पाण्याच्या चार बोटं वर.

"काका, तुमचं हाकेचं गाणं पायजेच."

"झील कोण धरंल?"

"नेहा हाय न. माह्या वर्गातली पोरगी. पाठ करून ठेवलं तिनं."

ढोलकीवाला गजेंद्र बाजूलाच होता. "म्हणा न, भाऊ. दहा महिने झाले, तोंड शिवून बसले. वहिनी असत्या तं शिव्या देल्या असत्या तुमाले."

केशवराव तयार झाले.

पहिली हाक दिली. भोंग्यातून आवाज साऱ्या नदीवर गेला.

दुसरी हाक दिली...

आणि लाईट गेली.

भोंगे बंद. माळा बंद. गजेंद्रचा ढोलकीवरचा हातही थांबला. तिसरी हाक केशवरावांनी तशीच दिली. नुसत्या गळ्यानं, जशी पूर्वी देत होते तशी.

नेहानं तोंड उघडलं...

पण उत्तर तिच्या आधीच आलं.

पल्याडून.

"राह्यली वो... मी एकली राह्यली..."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गुरुजींनीच पलीकडे कोणी बसवलं असेल. गुरुजी गजेंद्रकडे पाहत होते. नेहाचं तोंड तसंच उघडं होतं.

केशवरावांनी चपला काढल्या आणि डोंग्यात पाय ठेवला.

"भाऊ, कुठी चालले?"

"उत्तर आलं न. डोंगा न्याच लागते."

पलीकडे कोणी नव्हतं.

रेती सपाट होती. एक पाऊल उमटलेलं नाही. रातकिडेही गप्प... केशवराव बागेपर्यंत चढून गेले.

फाटक लागलेलं होतं.

त्यांनी हातानं चाचपून पाहिलं. दोराचे दोन वेढे, गाठ आतल्या बाजूला. तशी गाठ एकच बाई मारत होती.

ते परत आले, डोंग्यात चढून बांबू हातात घेतला आणि उभे राहिले.

तेवढ्यात डोंगा खाली दबला.

हळूच... मागच्या फळीवर कोणी सांभाळून बसावं तसा.

पांढरा पट्टा पाण्याला टेकला.

केशवराव तोंड पुढे करून बांबू मारत राहिले. मागे बांगडीचा आवाज नाही. श्वासाचा नाही. पण बांबूला भार दोघांचा लागत होता. तो भार त्यांच्या हातांना तीस वर्षांच्या ओळखीचा होता.

अलीकडे आले तेव्हा लाईट आली होती. माणसं जेवायला गेली होती. घाटावर गजेंद्र एकटाच थांबला होता.

"बांधा न आता, भाऊ. पुऱ्या थंड होऊन राह्यल्या."

आता विचारायचं होतं. शब्द गळ्यापर्यंत आले.

पण विचारलं, की ती म्हणणार, "उतरले, बांधा." आणि उतरली, की जाणार. दवाखान्यात थांबली नव्हती. इथं निदान बसून तरी होती.

"तू जाय, जेव," केशवराव म्हणाले. दोर त्यांनी हातातच धरला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. पाचही डोंगे सौंसरच्या चौकात मांडायचे होते. चार डोंग्यांचे पट्टे पाण्याच्या वर होते. केशवरावांच्या डोंग्याचा पाण्यात. आत पाणी शिरलं असेल म्हणून गजेंद्र डबा घेऊन उतरला. डोंगा आतून तव्यासारखा कोरडा होता.

"लाकूड पाणी पेलं असन," गुरुजी म्हणाले.

"मंग बाकीचे चार का उपासाले हायत, गुरुजी?" गजेंद्र म्हणाला. पण तो हसला नाही. खाली बसून त्यानं हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही विचारलं नाही का?"

"नाही."

"तं विचारून टाका न."

केशवरावांनी दोर सोडला नाही. ट्रॅक्टर चारच डोंगे घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी गजेंद्र पुन्हा घाटावर आला. केशवरावांजवळ बसला. मग म्हणाला,

"एक सांगू का, भाऊ? तो आवाज म्या बी ऐकला. वीस वर्षं वहिनीच्या झीलेवर ढोलकी वाजवली म्या. झोपेत बी ओळखीन."

"मंग?"

"तो त्यायचा नव्हता."

केशवरावांनी हातातला दोर आवळला. "फाटकाची गाठ तं तिचीच होती."

"गाठ कोणी बी पाहून शिकते, भाऊ..."

त्या दिवसापासून गजेंद्र दिवस बुडाल्यावर घाटावर येत नाही.

अश्विनीचा फोन येतो. "बाबा, पांढुर्ण्याले या न. तिथं एकटे काय करून राह्यले?"

"येतो. डोंगा बांधला का येतो."

दिवस बुडतो. केशवराव दोर धरून बसतात, डोंग्याकडे पाठ करून. विचारलं आणि ती उतरून गेली, तर? आणि विचारलं, आणि उत्तर देणारी ती नसली, तर?

पांढरा पट्टा आता दिसतही नाही. डोंगा आणखी दोन बोटं खाली गेला आहे.

कधी कधी मागची फळी करकरते...

केशवराव विचारत नाहीत.

आणि मागच्या फळीवर जे कोणी बसलं आहे, तेही काही बोलत नाही. ते विचारण्याची वाट पाहत बसून आहे.